तबीयातचं शिक्षण

तुम्ही आज फिजिक्स म्हणता, पण निजामाच्या काळात हैदराबादला कॉलेजात सगळं उर्दूतून शिकावं लागायचं, आणि उर्दूत फिजिक्सला म्हणतात तबीयात. मला तेच शिकायचं होतं. आमच्या गावी वाटूरला वडलांना, म्हणजे आबांना, तसं सांगितलं, तर ते लगेच म्हणाले, "बिलकुल शिक." शेती सोडून जायला इतक्या सहज परवानगी मिळेल असं मला वाटलं नव्हतं.

पहिल्या सुट्टीत घरी आलो, तर ओसरीवर शेजारचे तात्या गुडघा धरून बसलेले.

आबा म्हणाले, "सकाळपासून तुझी वाट पाहून राह्यलेत. जरा तबियत बघ त्यांची."

तेव्हा मला उलगडा झाला. मी म्हणालो, "आबा, ते माणसाच्या तबियतीचं शिक्षण न्हाई. आम्ही उजेड, उष्णता, वीज असलं शिकतो."

"उजेडाला काय झालंय?" आबांनी विचारलं.

आता कॉलेज सुटलं आणि नांगर हाती आला, असं मी धरूनच चाललो. पण आबा तात्यांकडे वळून म्हणाले, "आत्ता कुठं उजेडापर्यंत आलंय पोरगं. गुडघ्यापर्यंत यायला वेळ लागंल. शिकू द्या त्याला."