चिठ्ठीवरची गोणी

(१९६२. पुसदजवळचा लमाणांचा तांडा. हंसा नववीत शिकते. मोतीबाई तिची याडी, म्हणजे आई; ती फेटिया-कांचळी, म्हणजे लमाणी घागरा-चोळी, घालते. खेमसिंग तिचे बापू.)

हंसा : याडी, एक दिवस, फक्त एकच दिवस, फेटिया-कांचळी सोडून लुगडं नेसशील का?

मोतीबाई : काहून वं? माह्या फेटियानं तुह्यं काय बिघडवलं?

हंसा : माझ्या मनातलं नाही गं! वर्गातल्या कोकिळा अन् बेबी मला म्हणाल्या, याडीला असं विचारायची तुझी हिंमतच नाही. विचारलं की नाही? आता ऐक. आमची सहल नागपूरला जातेय. तिथं जुन्या वस्तीत इतिहासाचं संग्रहालय आहे. मुलींसोबत एखादी आई पाहिजे. बाईंनी तुझं नाव काढलं!

मोतीबाई : माह्यं? मलेच काचेच्या पेटीत ठेवून घेतील ते लोक!

खेमसिंग : ठेवू दे. चार दिवस मले शांती.

मोतीबाई : तुमी चूप बसा. मी नाही येत, छोरी. पोरी हासतील, अन् तुले खाली पाहा लागंल.

हंसा : अगं, तिथं आपलीसुद्धा वस्तू आहे. तिच्यावरच्या चिठ्ठीतला मजकूर बाईंनी उतरवून आणला. 'लमाणांची गोणी. घरात धान्य साठवण्यासाठी.'

मोतीबाई : घरात? तवा घर होतं कोनाले? सारे चालतच राहे. गोणी बैलाच्या पाठीवर राहे, दोन्हीकडं सारखी लोंबे. एकीकडं जड झाली का बैलाची पाठ सोलून निघे! तिची मधातली शिवण माह्या आजीनं मले शिकवली. साठवाले म्हणे!

खेमसिंग : पाह्य, भडकली. आता हे नागपूरले जाऊन भांडते.

मोतीबाई : भांडू कशी? शिकल्यासवरल्या लोकाईपुढं माह्यं मराठी पळून जाते, तोंडून आपली गोरबोलीच निघते.

हंसा : याडी, मी पाचवीत गेले तेव्हा सगळा तांडा म्हणत होता, पोरीनं गुरं राखावी. तू कोणाशी वाद घातला नाहीस. दुसऱ्या दिवशी काठी घेतली अन् तूच गेलीस गुरांमागं. अजून जातेस. मी वर्गात धडाधड वाचत असते ना, तेव्हा तू माळावर असतेस. मला कळतं ते.

मोतीबाई : राहू दे वं. मले माळ आवडते.

खेमसिंग : मंग बाईले काय सांगतं? तुह्या याडीचं नाव कापाले सांग.

हंसा : नाही बापू, नाव राहील. उद्याच सांगते बाईंना. गोणीपुढं याडी याच फेटियात उभी राहील अन् आपल्या बोलीत बोलेल. तिच्या बाजूला मी उभी राहीन, अन् ती जे जे म्हणेल ते सगळ्यांना मराठीत सांगीन.