हुकाखाली

(दक्षिण तैवानमधलं एक बंदर. भर दुपार. धक्क्यावरच्या क्रेनला सिमेंटचा ठोकळा लटकतोय.)

को : ही कसली चाचणी, यून-चिंग? ठोकळ्याखाली माणूस उभा करतात का कुठे?

यून-चिंग : कुणीही माणूस नाही, को साहेब. तुम्ही. क्रेनचा प्रोग्रॅम तुमचा. मी फक्त एका जहाजाचं नाव पाठवणार. जरा लांबलचक. मालकानं सगळ्या पितरांची नावं जोडून ठेवलंय असं समजा.

को : बंदरानं तुला तपासनीस नेमलं म्हणून जुनं उट्टं काढतेयस.

यून-चिंग : काढतेय. राहा उभे.

आ-हाई : मी तर तिथंच उभा असायचो साहेब, खुणा करत. ब्रेक सुटला, माल आला पायावर.

को : आ-हाई, मला अजून वाईट वाटतं रे. पण ते हिच्या हातून झालं. चौकशीत ठरलंय तसं.

आ-हाई : तेच ऐकत आलोय. पण हिला तर तुम्ही तेव्हाच काढलं. आता क्रेनच्या प्रोग्रॅममध्ये हिचं काही नाही. मग उभं राहायला काय झालं?

यून-चिंग : मी सांगते काका. जहाजाचं नाव आलं की ते ठेवायला मेमरीत जागा लागते. मी ती मोठ्या साठ्यातून मागायचे. तिथं जागा नसली तर 'नाही' असं उत्तर येतं, मग क्रेन जागच्या जागी थांबवायची. साहेबांना ते हळू वाटलं. त्यांनी जागा स्टॅकवर घेतली.

आ-हाई : म्हणजे?

यून-चिंग : कामापुरती छोटी फळी. काम संपलं की आपोआप रिकामी, म्हणून झटपट. पण ती 'नाही' म्हणत नाही. नाव फळीपेक्षा लांब आलं की शेजारी सांडतं. शेजारी ब्रेक लावून ठेवायची खूण होती. ती पुसली गेली.

को : सी भाषेत सगळेच वापरतात स्टॅक.

यून-चिंग : लांबी आधी तपासून वापरतात. बाहेरून येईल तेवढी डोळे मिटून नाही घेत.

को : तुझ्याकडे पुरावा काय?

यून-चिंग : काही नाही. या, उभे राहा.

को : आधी ठोकळा खाली घे.

यून-चिंग : का?

को : मला मुलं आहेत गं.

आ-हाई : मलाही आहेत.

को : ...प्रोग्रॅममधली ती ओळ माझी होती. अजून तशीच आहे. तू नवीन होतीस, तुला कुठंही नोकरी मिळाली असती, म्हणून तुझं नाव दिलं.

यून-चिंग : नाही मिळाली. आई मासळीबाजारात तोंड लपवून जायची.

को : संध्याकाळपर्यंत दुरुस्त करून देतो. आपल्यातच ठेव.

यून-चिंग : बंदराचे अधिकारी वर बसलेत. जाऊन हेच त्यांना सांगा. नाहीतर त्यांना खाली आणते आणि त्यांच्यासमोर पुन्हा उभं राहायला सांगते.

को : मी आयुष्यातून उठेन.

यून-चिंग : उठा. कित्येक दिवसांनी आज मला जेवण गोड लागेल.

आ-हाई : चढला बघ. कठडा धरून चाललाय.

यून-चिंग : चालू दे.

आ-हाई : तो उभा राहिला असता, तर खरंच नाव पाठवलं असतंस?

यून-चिंग : नाही सांगता येत, काका.

आ-हाई : पोरी, मी रोज तुझ्या दारावरून जाताना उंबऱ्यावर थुंकायचो.

यून-चिंग : माहीत आहे. मीच पुसायचे.