भांडण, तीन-तीन मिनिटांचं

...नाही, व्यायामाला माझा विरोध नाही हो, पण नवऱ्याशी भांडण ऐन रंगात आलेलं असताना त्याच्या खिशातला मोबाईल टुणटुण वाजतो आणि मला तोंड मिटून तरातरा चालत सुटावं लागतं, आता तुम्हीच सांगा, माणसाने भांडायचं कधी?

तुम्हाला सांगते, सुरुवात झाली चिनहटच्या फ्लॅटवरून. आमचे हे, बाळकृष्ण देवस्थळी, इथे लखनौला मानक नगरमध्ये रेल्वेच्या संशोधन संस्थेत इंजिनिअर, नोकरीचा उभा जन्म याच कॉलनीत गेला. आता रिटायर झाले, क्वार्टर सोडायची, म्हणजे कराडला जायचं, तिथे माझी बहीण विजया आहे, हे मी धरूनच चाललेले, मनातल्या मनात तिथल्या गॅलरीत कुंड्यासुद्धा मांडून झाल्या होत्या... आणि एका रविवारी हे बाहेरून आले, चहा घेतला आणि कपात बघत म्हणाले, "इथेच, लखनौच्या दुसऱ्या टोकाला, चिनहटला एक फ्लॅट बघितला. हो म्हणून आलोय."

म्हणजे बघा, पोळ्या किती करू हे मी यांना रोज विचारायचं, आणि उरलेलं आयुष्य कुठे काढायचं हे यांनी मला एकदाही विचारायचं नाही?

मग काय, सकाळी भांडण, दुपारी अबोला, संध्याकाळी परत भांडण. एक दिवस ओट्यापाशीच मला भोवळ आली. आमची जुई, लखनौतच वाढलेली, मराठी सगळं कळतं पण बोलणार हिंदीच, तिने मला गाडीत घातलं. "मम्मी, पापा से बाद में लड़ लेना, पहले ज़िंदा तो रहो." डॉक्टरीणबाईंनी बीपी बघितलं, वरचा आकडा एकशे अठ्ठ्याहत्तर. गोळी दिली, मीठ कमी केलं, हृदयाच्या तपासण्या केल्या, आणि पुढच्या खेपेला म्हणाल्या, "अब टहलना शुरू कीजिए. तीन मिनट तेज़, तीन मिनट आराम से, फिर तेज़. और तेज़ मतलब इतना, कि पूरा वाक्य मुँह से न निकले."

हे मागून म्हणतात, "मैडम, ये दवा पहले ही लिख देनी थी."

तर असे आम्ही कॉलनीच्या मैदानाभोवती निघालो. वेळ लावायला हे बरोबर. आता या गावात एवढ्या घाईने चालतं कोण? मी तरातरा निघाले तर शेजारचे शुक्लाजी स्कूटर घेऊन मागे, "क्या हुआ भाभी जी, सब ख़ैरियत? अस्पताल चलें?" मला बोलता येईना, नुसता हात हलवते, त्यांना वाटलं बोलावते आहे. तेवढ्यात टुण वाजलं, मी हळू झाले, म्हटलं अब आराम है. बिचारे स्कूटर वळवतायत तोवर परत टुण, आणि मी परत सुटले. अख्खी एक फेरी तो माणूस आमच्या मागे होता हो!

आणि भांडण? हळू चालताना मी विचारायचं, "मला न विचारता हो म्हणालातच कसे?" हे श्वास घेऊन म्हणायचे, "तुला विचारलं असतं तर तू..." टुण. झालं. पळा. मी एवढा जिभेवर आणलेला टोमणा, तीन मिनिटं धापा टाकल्यावर आठवतो का कुणाला? आठवला तरी तो म्हणावासा वाटत नाही. सांगा ना, माणसाने भांडायचं कधी?

असेच दिवस गेले, आणि एका संध्याकाळी हळू चालताना हे अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "कराडला मी कोण आहे गं? विजयाच्या बहिणीचा नवरा. इथे रस्त्यात चार माणसं मला हाक मारून थांबवतात. तिथे सगळे एवढंच विचारतील, परत कधी जाणार?"

टुण.

तुम्हाला सांगते, ती तीन मिनिटं फार लांब होती. बोलता येत असतं तर मी तिथल्या तिथे काहीतरी फाडकन बोलून मोकळी झाले असते. पण दम लागलेला, त्यामुळे त्यांचं वाक्य ऐकत चालले. आणि वेग उतरल्यावर म्हटलं, "मला इथे सगळे भाभी जी म्हणतात. वसुधा म्हणणारी विजया तिकडे आहे."

मोबाईल वाजला, तरी यांनी चाल वाढवली नाही. म्हणाले, "वाजू दे."

त्या दिवशी मैदानाच्या कट्ट्यावर बसून ठरलं. चिनहटचा फ्लॅट विकत घ्यायचा नाही, भाड्याने घ्यायचा, आणि लखनौची थंडी हाडात शिरायला लागली की तीन-चार महिने कराड. एवढंसं होतं हो, आणि आम्ही घर डोक्यावर घेतलं होतं.

परवा बीपी एकशे चौतीस आलं. डॉक्टरीणबाई खूश, गोळी चालू, चालणंही चालू ठेवा म्हणाल्या. जुई म्हणते, "मम्मी, कमाल है." कमाल आहेच, पण पंचाईत अशी की आता हळू चालताना आम्हाला बोलायला विषयच नाही. दोघं आपले मुकाट, आणि मुकाट चालणं मला झेपत नाही, म्हणून काल मीच नव्या घराच्या पडद्यांचा रंग काढला.

हे म्हणाले, तपकिरी.

तपकिरी... चला, निदान दोन महिने तरी चालण्यात खाडा व्हायचा नाही.