पासिंगपुरती बॅग

ओंकार: ए मोने, उतर की खाली. आईला नारळ फोडायचाय गाडीपुढं. नगरहून गाडी पास होऊन आली म्हणल्यावर सगळी वस्ती बघायला यायलीय.

मोनिका: फोडू दे सावकाश. तू आत ये आधी. तिकडून, स्टेअरिंगच्या बाजूनं. दार लावून घे.

ओंकार: लावलं. बोल. तोंड का असं केलंय?

मोनिका: कल्याण कोण रे, दादा?

ओंकार: कोन कल्याण?

मोनिका: तुझा मोबाईल चार्जिंगला होता सकाळी. नगरच्या नागापूरवरून फोन आला, मी उचलला. गॅरेजमधून कल्याण बोलतोय म्हणाला. म्हणे, गाडी पास झाली ना, मग उद्या आणा, बाजूच्या सीटची एअरबॅग काढून घ्यायचीय. ज्याच्या गाडीची आहे तो त्याची गाडी न्यायला यायचाय. मी विचारलं, काढून घेतल्यावर तिथं काय बसवणार? तर म्हणाला, काही नाही, पहिल्यासारखं झाकण लावून देतो. वरून विचारतो, तुम्ही वहिनी का? म्हटलं, नाही, मी बहीण. नवरी. तेव्हा कुठं गडबडला आणि फोन ठेवला.

ओंकार: अगं, त्याला नीट सांगता येत न्हाई. तांत्रिक भानगड हाय ती.

मोनिका: त्यानं नीटच सांगितलं. मग मी पूजावहिनीला विचारलं. आधी नाही नाही म्हणाली. मग चूल सोडून गोठ्याकडं गेली आणि तिथं रडली.

ओंकार: तिला कशाला विचारायचं मधेच? उगं तिच्या डोक्याला ताप.

मोनिका: तिच्या नाकावरची खूण. इंग्लंडात जिन्यावरून पडली असं तुम्ही सांगितलं होतं ना व्हिडिओ कॉलवर? आई इथून हळद-दूध प्यायला सांगत होती तिला. जिन्यावरून नाही पडली. या गाडीत, मी बसलेय ना, याच सीटवर होती ती. समोरून धडक बसली आणि दोन्ही बॅगा फुटल्या. नाक मोडलं, पण माणूस राहिलं. मग तू गाडी दुरुस्त केलीस. तुझ्या बाजूची बॅग नवी बसवलीस. तिच्या बाजूला नुसतं झाकण.

ओंकार: पूर्ण ऐकून तर घेशील? ही बाजूची बॅग बसवायची म्हंजे आख्खा डॅशबोर्ड बदलावा लागतोय. विमा कंपनीला कळवलं असतं तर त्यांनी गाडी भंगारातच काढली असती. मग काय करायचं? तिकडं तीन वर्षांपर्यंत गाडीची तपासणीच नसती. कुणी विचारलं न्हाई, मी बोललो न्हाई. नुसती डॅशबोर्डवर बॅगची लाल खूण पेटायची, ती त्या मेकॅनिकनं बंद करून दिली.

मोनिका: बॅग नाही, आणि बॅग नाही म्हणून ओरडणारा दिवा पण नाही.

ओंकार: गाडी फर्स्टक्लास पळते गं. तुला काय म्हाइती, इथं आणायला काय काय सोसलंय मी. स्टेअरिंग उजवीकडंच पायजे, दिव्याचा झोत डावीकडं पडला पायजे, गाडी लई जुनी नको, माझ्याच नावावर वापरलेली पायजे. बोटीनं आली तर मुंबईला बंदरात पडून राहिली. एक कागद दिला की दुसरा. आन इथं आल्यावर परत चाचणी. ब्रेक बघणार, दिवे बघणार, बेल्ट बघणार. मशीन लावलं की बॅगचं कळतंय. ती मान्सं काय ऐकणाऱ्यातली न्हाईत. म्हणून तर बसवली बॅग.

मोनिका: म्हणून बसवली. मी बसणार आहे म्हणून नाही.

ओंकार: आता शब्दात पकडू नको.

मोनिका: मग कशात पकडू? दुसऱ्या कुणाची तरी गाडी गॅरेजला दुरुस्तीला आली, तिच्या पोटातली बॅग काढून आपल्या गाडीत घातली. चाचणी झाली, की परत तिच्या पोटात. त्या मालकाला तरी पत्ता आहे का? शिसारी येते रे मला. मुलगी बघायला पाहुणे आल्यावर तिला शेजारणीच्या बांगड्या घालून बसवतात तसं.

ओंकार: तू काय आज जन्मली व्हय या घरात? आण्णा टेम्पो पासिंगला न्यायचे तवा शेजारच्या बजरंगनानाचे टायर लावून न्यायचे. आग विझवायचं नळकांडं पण त्याचंच. सगळ्या तालुक्यात असंच चालतं. पासिंग झालं की ज्याचं त्याला परत.

मोनिका: माहिती आहे. आणि मग गोटा झालेल्या टायरवर मला शाळेत सोडायचे. चिखलात टेम्पो हलायला लागला, की आण्णा म्हणायचे, घट्ट धर. मी धरायची. मला वाटायचं, आपण धरलंय म्हणूनच टेम्पो उभा आहे. तू सहा वर्षं बाहेर राहिलास. मला वाटलं होतं, निदान एवढं तरी तिकडं सोडून आला असशील. ते बरोबर बोटीत घालून आणलंस.

ओंकार: बेल्ट हाय ना पन. बेल्ट लावायचा. आपल्याकडं निम्म्या लोकांच्या गाडीत बॅगा न्हाईत. मरत्यात का सगळे?

मोनिका: सगळे नाही मरत. जे मरतात आणि जे नाही मरत ते दोन्ही माझ्याकडं येतात. मी शिर्डीच्या दवाखान्यात अपघात विभागात काय फुलं विकते का? नगर-मनमाड रोडवरची गाडी आली, की स्ट्रेचर आत यायच्या आधी मला कळतं पुढं कोण बसलं होतं. नवरा गुडघा धरून लंगडत येतो, डॉक्टर बघा ना, डॉक्टर बघा ना करत. आणि ती आडवी. तिच्या हातावरची मेंदी पण गेलेली नसते कधी कधी. मी धुतलेत ते चेहरे. तू मला बेल्ट सांगतोस.

ओंकार: मोने, आसं अभद्र बोलू नये गं लगीन तोंडावर आल्यावर.

मोनिका: बोलायचं नाही. करायचं चालतं.

ओंकार: मी काय मुद्दाम केलं व्हय? लग्नाच्या बैठकीत करणरावाचे वडील काय म्हणले, तू ऐकलं न्हाई का? आमाला काय नको, देण्याघेण्याचं नावच काढू नका, फकस्त ओंकाररावांनी तिकडून आणलेली गाडी पोरांना फिरायला द्या. धा मान्सांत म्हणले. आण्णांनी लगेच मान डोलावली. गाडी दोन वर्षं माझ्या नावावरच ठेवायला लागती, तवा कागदावर काय देणं न्हाई, घेणं न्हाई. मी त्या टायमाला काय उठून सांगू, पाव्हनं, गाडी फुटलेली हाय म्हणून? आण्णांची मान खाली गेली असती.

मोनिका: आण्णांची मान वर राहिली. माझ्या मानेचं काय?

ओंकार: बसवनार हाय मी. तिकडून मागवतो. लगीन हू दे, पाऊस सरू दे.

मोनिका: एक विचारू? खरं सांग. या गाडीत पूजावहिनी कुठं बसते?

ओंकार: कुठं म्हंजे. गाडीत.

मोनिका: मुंबईहून आलात तेव्हा मागं बसून आली. परवा कोपरगावला बस्ता बांधायला गेलो, पुढची सीट रिकामी, तरी ती आईच्या नि माझ्या मधे दाटीवाटीनं मागं. आई म्हणाली, जा गं नवऱ्याशेजारी. तर तू म्हणालास, पुढं बसली की तिला गाडी लागते. गाडी लागणारं माणूस पुढं बसतं, दादा. मागं नाही.

ओंकार: ती भेती. त्या दिवसापासून पुढं बसायला भेती.

मोनिका: ती भिते का तू बसू देत नाहीस?

ओंकार: दोन्ही.

मोनिका: थू. आता तोंडात कडू आलं बघ माझ्या. तुझ्या बायकोला बसवत नाहीस त्या जागेवर बहीण बसवून पाठवणार होतास. वर हार. वर आई नारळ फोडणार. मला वाटलं होतं, माझ्या भावाला कळत नसेल. कळत नसतं तरी बरं होतं.

ओंकार: आगं, करणरावांना सांगितलंय मी. अंधारात कुणाला ठेवलं न्हाई. तेच म्हणले, राहू द्या दादा, काय घाई न्हाई. ते चालवनार, त्यांना चालतंय, मग तूच का तानून धरायलीस?

मोनिका: करणना माहिती आहे?

ओंकार: गाडी बोटीत चढायच्या आधीपासून.

मोनिका: खोटं बोलू नकोस.

ओंकार: आईशप्पथ. विचार त्यांना.

मोनिका: विचारतेच. तू हू की चू करायचं नाहीस. तू इथं आहेस हे त्यांना कळता कामा नये.

(मोनिका फोन लावते. तो गाडीला जोडलेला असल्यामुळे करणचा आवाज गाडीभर घुमतो.)

करण: हां, बोल गं. अभिनंदन. पास झाली ना एकदाची? पप्पांनी स्टेटसला फोटो टाकलाय गाडीचा. संगमनेरात सगळे विचारतायत, कधी येतेय म्हणून.

मोनिका: अहो, एक विचारायचं होतं. या गाडीत बाजूच्या सीटला एअरबॅग नाही म्हणे.

करण: हां, ते होय. बोलले होते दादा मागंच. अगं, तिकडून पार्ट मागवा, तो कस्टममध्ये अडकणार, मग इथं बसवणारा माणूस शोधा. कशाला उगाच डोकेदुखी? आणि ड्रायव्हरची एकदम ओके आहे. मी तेच आधी कन्फर्म करून घेतलं त्यांच्याकडून.

मोनिका: आधी तेच विचारलंत.

करण: ऑफकोर्स. चालवणार मी ना. तू टेन्शन घेऊ नकोस, मी काही रॅश चालवत नाही. माझ्यावर विश्वास नाही का तुझा?

मोनिका: तसं नाही. लग्न झाल्यावर पहिल्यांदा आपण शिर्डीला जाणार ना, आईंना घेऊन. म्हणून विचारत होते. आईंचे गुडघे दुखतात. त्यांना पुढं बसवू, म्हणजे पाय लांब करता येतील.

करण: पुढं? नको नको. आई मागंच बसेल.

मोनिका: मागं अवघडतील हो त्या. सीट खाली आहे, उठता येणार नाही.

करण: अवघडू दे थोडं. तिथं बॅग नाही ना. या वयात रिस्क कशाला घ्यायची? आईला नाही बसवणार मी तिथं. तेवढं कळतं मला.

मोनिका: मग पुढं कोण बसेल?

करण: हे काय विचारणं झालं? तू. माझ्या शेजारी.

मोनिका: बरं.

करण: आणि ऐक ना, सनरूफ उघडून एक व्हिडिओ पाठव. पप्पांना पाहिजे.

मोनिका: ठेवते.

ओंकार: मोने.

मोनिका: ऐकलंस?

ओंकार: ऐकलं.

मोनिका: वाईट माणूस नाही तो. आईची काळजी आहे त्याला. तुला वहिनीची आहे. सगळे आपापल्या माणसाला मागं बसवतात.

ओंकार: मी उद्याच्या उद्या बॅग मागवतो. काय वाट्टेल ते करतो. डॅशबोर्ड नवा बसवतो. तवर गाडी दारातून हलवत न्हाई. तू फकस्त आण्णांच्या कानावर जाऊ देऊ नको.

मोनिका: मागव. वहिनीसाठी बसव. तिला पुढं बसून शेत बघायला आवडतं, मला म्हणाली ती.

ओंकार: आन तू?

मोनिका: त्या कल्याणला फोन कर. त्याची बॅग उद्या पोचती कर, ज्याची आहे त्याच्या गाडीत ती बसलेली बघून ये. बघितल्याशिवाय परत फिरू नकोस.

ओंकार: ते करतो. लग्नाचं बोल.

मोनिका: गाडी मागितली त्यांनी, हे मी गिळलं होतं. चारचौघांत हसून चहा दिला होता त्यांना. हे नाही गिळता येत, दादा.

ओंकार: पत्रिका वाटून झाल्या गं. आण्णा हाय खातील.

मोनिका: आण्णांपाशी मी बसते. मला माणसांना वाईट बातमी सांगायची सवय आहे, रोजचं काम आहे ते. आधी खाली बसवायचं, पाणी द्यायचं, मग सांगायचं.

ओंकार: मोने, मी... माझ्या मनात तसं न्हवतं. देवाशप्पथ.

मोनिका: दार उघड. गुदमरतंय इथं.

ओंकार: उघडतो. पन बाहेर आई उभी हाय. तिला काय सांगू?

मोनिका: तू काही सांगू नकोस. दुपारी लग्नाची हळद फोडायला बायका येतील. त्यांच्यासाठी चहाचं आधण ठेव म्हणावं आईला. हळद मात्र डब्यातून काढू नको म्हणावं.