दोर तुटला नव्हता

आता तुम्हीही म्हणाल, काहीतरीच काय बोलते ही. म्हणा. आजवर कुणी विश्वास ठेवलाय माझ्यावर? चौथीत शाळा सुटलेली, मासे तळून विकणारी बाई, हिला काय कळतंय... पण तुम्हाला सांगते, दोर तुटला नव्हता.

आमच्या हेलेना गावात कापसाच्या गोदामात नाच असला की मधोमध खांबाला दोर बांधायचे, अलीकडे आम्ही काळे, पलीकडे गोरे, दाराशी काठी घेऊन शेरीफ, आणि पियानोवर माझा धाकटा भाऊ लेम्युअल. काय वाजवायचा हो. चर्चमध्ये भजनाला बसला तरी असा पळवायचा की म्हाताऱ्यांना धाप लागायची. पाद्री म्हणायचा, "लेम, देव कुठं पळून चाललाय का रे?" आई तर रडायचीच, "हे हात मी देवाला वाहिले होते, कोरा, यानं सैतानाला दिले." पण सैतानाच्या कृपेनं त्याच्या गाण्याची तबकडी निघाली, रेडिओवर वाजली, सोमवारी मेम्फिसला जायचं ठरलं, नवा सूट शिवून झाला... अन् शनिवारी दुपारी गावातला हा शेवटचा नाच.

तिसऱ्या गाण्याला दोर खाली. तुटला नाही, खाली पडला. गोरी पोरं इकडं, आमची तिकडं, कोण कुणाचा हात धरून उड्या मारतंय पत्ता नाही, आणि माझा लेम वेड्यासारखा हसतोय, वाजवतोय, हसतोय. शेरीफ आला. "ऊठ." लेम म्हणाला, "एवढं गाणं संपवू द्या, साहेब." शेरीफनं पियानोचं झाकण आपटलं. दोन्ही हातांवर. एकदाच नाही.

लेम आता चर्चला येतो, मागच्या बाकावर बसतो, कोटाची बटणं मी लावून देते. सगळे म्हणतात, दोर जुना होता, गर्दीनं तुटला. अहो, तुटला नव्हता! मी खांबाजवळच मासे तळत होते, तेल सोडून उठता येईना. माझ्या डोळ्यांदेखत गाठ सोडली गेली, सावकाश, हातमोजे काढून. नाच बंद पडावा, पोरगं परत चर्चच्या पियानोवर बसावं, सोडणाऱ्याला एवढंच हवं होतं. हे सांगितलं की पाद्री म्हणतो, "कोरा, जिभेला आवर घाल." शेरीफला शिव्या घालायला सगळी वस्ती आहे, मीही घालते, रोज घालते. पण खांबापाशी शेरीफ नव्हता. रविवारची टोपी घालून उभी होती आमची आई, ऑक्टाव्हिया टिबस.