लॅव्हिनियाचं परस्पर लग्न

अहो, मूर्च्छा! तीनदा मूर्च्छा, आणि तीही पहिल्याच भागात! जी बाई माझ्या पुस्तकात लीड्सच्या शवागारात प्रेताशेजारी उभी राहून हातातलं सँडविच शेवटच्या घासापर्यंत संपवते आणि मग रुमालाला हात पुसत म्हणते, "डॉक्टर, याला विष दिलंय", तिला या टीव्हीवाल्यांनी उंदीर बघून आडवी केली! आणि झेलायला कोण? इन्स्पेक्टर गार्थ! धावत काय येतो, झेलतो काय, कपाळावरची बट काय बाजूला करतो... मेल्या, नऊ पुस्तकांत तुला मी एकदा तरी तिच्या केसाला हात लावू दिला होता का?

थांबा, तुम्हाला नीट सांगते. मिस लॅव्हिनिया क्लफ म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या काळातली, टोप्यांच्या दुकानावरच्या माडीत एकटी राहणारी, पोलिसांच्या नाकावर टिच्चून खून शोधून काढणारी बाई. ती माझी. म्हणजे मी, एनिड स्टॅनिफोर्थ, इथं यॉर्कशरच्या या टेकडीवर शेगडीपाशी बसून, बाहेर पाऊस चालू, आत पाय गारठलेले, अशी वर्षानुवर्षं लिहिलेली. नवव्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तो गार्थ गुडघा टेकतो, अंगठी पुढे करतो, आणि ती म्हणते, "छान आहे हो, पण हातमोजा घालताना अडकेल." संपलं पुस्तक! कारण माझी लॅव्हिनिया लग्न करत नाही हो!

मीही नाही केलं. बिकरडाइक खाटकाला मी नाही म्हटलं तेव्हा गावानं मला वेड्यात काढलं, आणि नंतर जन्मभर काय? तर "बिचारी एनिड". चर्चमध्ये बिचारी, पोस्टात बिचारी, भाजीवाल्याकडे बिचारी! म्हणून मी एक अशी बाई लिहिली, जिला बिचारी म्हणायची कुणाची छाती होणार नाही. आता कळलं, मला का झोंबलंय ते?

तर तो पिअर्स आला. लंडनहून, मालिका काढणारा, गळ्यात मफलर. पहिल्याच भेटीत नुसतं "एनिड"! म्हणतो, "एनिड, प्रेक्षकांना ना, शेवटी जरा ऊब लागते. म्हणून आम्ही लॅव्हिनियाचं लग्न लावतोय." आणि मी काय म्हणाले? म्हणाले, "अगंबाई... वेगळंच आहे हो!" वर आणखी म्हणाले, "फारच धाडसी कल्पना." आता तुम्हीच सांगा, आमच्याकडे "वेगळंच आहे" म्हणजे काय, हे शेंबड्या पोराला कळतं! आणि "फारच धाडसी" म्हणजे तर ऊठ आणि चालता हो! मी त्याला दुसरा कप चहासुद्धा विचारला नाही! याहून मोठी शिवी सभ्य बाईनं द्यायची तरी कशी? आणि हा लंडनचा असला तरी याच देशात जन्मलेला, इथलाच चहा पिऊन वाढलेला माणूस, बाहेर जाऊन सगळ्यांना सांगतो, "लेखिकाबाई एकदम खूश आहेत!" केसानं गळा कापला हो माझा!

परक्याचं सोडा. माझी सख्खी बहीण म्युरिएल! फोनवर रडत होती. मला वाटलं, दुःखानं. कसलं डोंबलाचं! "एनिड, उजवली गं बाई एकदाची! किती वर्षं तिष्ठत ठेवलंस त्या गरीब गार्थला!" म्हटलं, म्युरिएल, नऊच्या नऊ पुस्तकं तुला अर्पण केलीत, तू वाचलीस तरी का? तर म्हणते, "वाचली की, पण मला दर वेळी वाटायचं, पुढच्यात करेल." पाद्रीबुवा रस्त्यात हात हातात घेऊन अभिनंदन करतात, शेजारीण केक आणून देते... अरे, कसलं अभिनंदन? माझी लॅव्हिनिया लग्न करत नाही!

आणि चित्रीकरण कुठे ठेवावं? आमच्याच चर्चमध्ये! मला म्हणे मानानं पहिल्या बाकावर, नवरीची आत्या म्हणून बसायचं. मी गेले. पिअर्सला तोंडावर "नाही" सांगायचंच, असं ठरवूनच गेले. पण ती कपडे चढवणारी मुलगी इतकी गोड! त्या जुन्या काळच्या चोळीच्या नाड्या ओढून माझ्या बरगड्या आवळत विचारते, "घट्ट नाही ना होत?" मला श्वास येईना, डोळ्यांपुढे काजवे, आणि मी म्हणते, "छे छे, अगदी छान!" हे असं आहे बघा आमचं.

तर मी बसलेय, डोक्यावर चेरींची टोपी, आणि तो खोटा पाद्री त्या खोट्या जोडप्यापुढे खरंखुरं वाक्य म्हणतो, "या विवाहाला कुणाची हरकत असेल, तर आत्ताच बोला." आता ते वाक्य आलं की आमच्याकडे माणसं बुटांकडे बघतात. खोकला आला तर गिळतात. आजवर कुणी बोललंय? कुणी नाही! आणि मी... मी उभी राहिले हो!

"आहे! माझी हरकत आहे! तिला विचारलंय का कुणी? ती नाही म्हणते! माझी लॅव्हिनिया लग्न करत नाही!"

चर्चभर घुमलं. नवरीच्या हातून फुलं पडली. गार्थनं आ वासला. काय सांगू, खाटकानंतर आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं नाही म्हटलं होतं, इतकं हलकं वाटलं! आणि तेवढ्यात टाळ्या. पिअर्स! "एनिड! काय अभिनय! हे ठेवायचंच! आता फक्त दोन हवालदार तुम्हाला उचलून बाहेर नेतील, चालेल ना?"

मी म्हटलं, "हो हो, चालेल की."

टीव्हीवर तो भाग लागला, तर मला उचलून नेताना मागे पिपाणी वाजवली हो त्यांनी! अख्खा देश खो खो हसला, आणि माझी पाठ वळताच लग्न लागलं.

पण आत्या लोकांना आवडली म्हणे. गेल्या आठवड्यात पिअर्स परत दारात. "एनिड, पुढच्या भागांत लॅव्हिनिया बाळ सांभाळणार, आणि खून कोण शोधणार? आत्या! तुम्ही!" तुमच्यापासून काय लपवू, डोळे भरून आले माझे. एकटी, म्हातारी, बिनलग्नाची बाई, टीव्हीवर, खून शोधतेय! म्हटलं, एक गेली तर गेली, दुसरी तरी मोकळी राहिली. या खेपेला दोन कप चहा दिला त्याला.

दुसरा कप संपवून म्हणतो, "फक्त शेवटी ना, आत्यासाठी एक विधुर कर्नल बघितलाय."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात माझ्याकडे राहायला आलेली म्युरिएल आतून ओरडली, "एनिड, पायानं चालून आलंय, आता नखरे करू नकोस!"

काय करता... परवा झग्याचं माप देऊन आले. नवरीसारखा पांढरा अजिबात नको, एवढं मात्र ठणकावून सांगितलं. पांढराच शिवतायत.