फक्त पहिली ॲलर्जी

दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी सॉफ्टवेअरच्या एकाच ऑफिसातल्या दोघी बसल्या होत्या. मोठीचा गाल दाढेनं सुजलेला, तरी मांडीवर धाकटीचा लॅपटॉप.

"ही पेशंटच्या माहितीची एक्सएमएल फाइल. हिच्या पोटात ॲलर्जी किती आहेत?"

"तीन, मॅडम."

"आणि तुझी क्वेरी त्यातल्या वाचून डेटाबेसच्या टेबलात किती टाकते?"

"एक."

"बाकीच्या दोन कुठे गडप केल्यास?"

"फक्त पहिली वाच, असं लिहिलंय मी. त्याशिवाय एरर जात नव्हता."

"काय म्हणत होता एरर?"

"एकापेक्षा जास्त असू शकतात, म्हणत होता."

"अगं, डेटाबेस कानीकपाळी ओरडत होता आणि तू त्याच्याच तोंडात बोळा कोंबलास!"

"टेस्टच्या फाइलमध्ये एकच होती."

"कुठल्या गाढवानं बनवली ती फाइल?"

"तुम्हीच पाठवली होती."

"...बरं. अजून तरी कुठल्या दवाखान्यात चालू नाही ना केलंस हे?"

"केलंय ना. सोमवारपासून, इथेच."

तेवढ्यात नर्स दारात आली.

"चला मावशी. ॲलर्जी फक्त धुळीची दिसतेय, भुलीचं इंजेक्शन भरून ठेवलंय."

"अहो, धूळ पहिली! मला भुलीच्या इंजेक्शनचीही आहे!"

"मावशी, कॉम्प्युटरपेक्षा तुम्हाला जास्त कळतं का?"